पाण्यातनं होडीत

आमच्या घरात होडी आली ती काही हौसेनं नव्हे. धरणात पाणी अडलं आणि आमचं रान दोन ठिकाणी झालं. विहिरीजवळचा मळा गावाच्या बाजूला राहिला, ज्वारीची काळी पट्टी पलीकडं गेली आणि मधली जमीन पाण्याखाली. त्या पाण्याला आमच्याकडं सगळे फुगवटा म्हणतात. पलीकडच्या रानात जायचं तर गाडीवाटेनं केवढा तरी वळसा पडायचा. सकाळी निघालेला माणूस ऊन डोक्यावर आल्यावर पोचायचा. समोर बघितलं तर आपलंच रान, आपलीच बाभळ, बांधावर बसलेली टिटवीसुद्धा दिसायची. मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ढोकीच्या एका वेल्डरला गाठलं. तो ट्रॉल्या आणि दारं बनवणारा माणूस. होडी त्यानं जन्मात केली नव्हती, पण नाही म्हणायचं त्याला माहीत नव्हतं. जाड पत्र्याची, सपाट बुडाची, पुढं निमुळती आणि मागं सरळ कापल्यासारखी अशी काहीतरी वस्तू त्यानं ट्रॅक्टरवर घालून पाठवली. दोन्ही टोकांना बंद पेट्या जोडल्या होत्या, त्यामुळं आत पाणी भरलं तरी ती बुडत नसे. गावातल्या माणसांनी तिचं नाव ‘अण्णाची परात’ ठेवलं. आम्ही घाटाकडं निघालो की कुणीतरी पारावरून हमखास ओरडायचं, “निघाली का परात?” आणि अण्णा न हसता म्हणायचे, “व्हय, भाकरी थापायला निघालाव.”

घरात आम्ही चौघंच. अण्णा, आई, अक्का आणि मी. अक्काचं नाव शकुंतला होतं, पण ते शाळेच्या हजेरीत. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, उंच, हाताची बोटं लांब, आणि हसताना वरचा ओठ दातांवर ओढून घ्यायची तिची एक सवय होती, कारण पुढचा एक दात किंचित पुढं होता. दहावी झाली आणि शाळा सुटली. अण्णा हंगामात साखर कारखान्यावर कामाला असायचे. ऐन ज्वारी काढायच्या दिवसांत त्यांची पाळी चालू, त्यामुळं होडी आपसूकच अक्काकडं आली. पहिल्या वर्षी ती अण्णांबरोबर बसून वल्हं मारायला शिकली आणि दुसऱ्या वर्षी अण्णाच तिला विचारायला लागले, “आज वारं कसंय गं? जमंल का?”

त्या घरातले आवाज मला अजून वेगवेगळे ओळखू येतात. पहाटे जात्याचा नाही, जातं तोवर बंद पडलं होतं. पण काठवटीत पीठ मळताना आईच्या बांगड्या लाकडावर वाजायच्या तो. कारखान्याचा भोंगा वारं इकडचं असलं तर स्पष्ट यायचा, नाहीतर कुठंतरी गाय हंबरल्यासारखा. अण्णा पाळीवरून आले की त्यांच्या कपड्यांना मळीचा गोड-आंबट वास असायचा आणि ते आधी ओसरीवर बसून बूट झटकायचे, दोनदा, मग तिसऱ्यांदा जरा जोरात. दुपारी होडीत ठेवायच्या शिदोरीत धपाटे, शेंगाची चटणी आणि गाडग्यात दही. रात्रीला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, आमटी. अक्काला त्या आमटीत भाकरी कुस्करून न खाता, भाकरीचा पापुद्रा बुडवून खायला आवडायचं आणि मागं उरलेला जाड भाग ती गुपचूप माझ्या ताटात ढकलायची. आई ओरडायची, “शके, समदी भाकर खा. पापुद्र्यावर माणूस जगत न्हाय.”

आईला पाण्याचं भ्याव होतं. ती येडशीकडच्या माळावरच्या गावची. तिथं पाणी म्हणजे आडातून पोहऱ्यानं वर यायचं तेवढं. पसरलेलं पाणी तिनं लग्न होऊन आल्यावर बघितलं. होडीत ती मधोमध बुडालाच बसायची, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून, डोळे मिटून, ओठांत अंबाबाईचं नाव घेत. पलीकडं होडी मातीला लागली की एक डोळा उघडून विचारायची, “आलं का?” अक्का मुद्दाम म्हणायची, “न्हाय, अजून निम्म्यातच हाव.” मग आई परत डोळा मिटायची आणि आम्ही दोघी तोंडं दाबून हसायचो. आता वाटतं, तिलाही ते कळत असावं. आम्हाला हसता यावं म्हणून ती डोळा मिटून घेत असावी.

मी आणि अक्का मात्र मळ्यातल्या विहिरीत पवायला शिकलो होतो. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून अण्णांनीच ढकलून दिलं होतं. पण विहीर वेगळी आणि होडी वेगळी. विहिरीला पायऱ्या असतात. एकदा उन्हाळ्यात पाणी ऊबदार झालेलं असताना अक्कानं मधोमध होडी थांबवली आणि परकर खोचून सरळ पाण्यात उडी घेतली. मग वर यायला गेली तर येता येईना. बाजूच्या काठाला धरलं की होडी तिच्याकडं कलायची, पाणी आत यायचं, आणि मी आत बसून किंचाळायचे. तिनं मागची सरळ बाजू धरून बघितली. तिथून होडी कलत नव्हती, पण तिचे पाय पाण्यात होडीखाली ओढले जायचे आणि ती नुसती लोंबकळायची. त्या दुपारी आम्ही वल्हं मारत कशाबशा काठाला आलो, ती मागं धरून पाण्यातनंच आली. पण अक्काच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती निघायची नाही. पुढं रोज, रानातून येताना, ती उडी मारायची आणि चढून बघायची. शेवटी तिला ते सापडलं. “सुशे, पाय खाली सोडायचेच न्हाईत,” ती मला सांगायला लागली. “आधी पाय मागं, पाण्याच्या वर आणायचे. पाण्यावर पालथं निजायचं. मग पाय झाडत काठ पोटाखाली ओढायचा. वर चढायचं न्हाय, आत सरकायचं. कळलं का?” मला कळायला बरेच दिवस लागले. पण जमलं एकदाचं. जमलं तेव्हा मी होडीच्या बुडाला मासोळीसारखी पडून खोकत होते आणि अक्का पाण्यातून टाळ्या वाजवत होती.

माझी नात पुण्याला तरणतलावावर शिकायला जाते. तिच्या अंगाला फुगलेली नारिंगी बंडी असते, शिट्टी वाजवणारा माणूस असतो. परवा फोनवर विचारत होती, “आजी, तुला पोहता येतं?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मग कधी सांगितलं नाहीस?” त्याच संध्याकाळी मी हे लिहायला बसले.

ज्वारीची काढणी झाली होती. कणसं खुडून नेली होती आणि कडब्याच्या पेंढ्या पलीकडच्या रानात बांधून पडल्या होत्या. अण्णा पाळीवर होते, आम्ही तिघी तिथंच होतो. दुपार कलायला लागली आणि दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. त्या दिवसांत आमच्याकडं पाऊस येतो तो गारा घेऊनच. आई पेंढ्यांकडं बघत म्हणाली, “भिजला तर काळा पडंल गं समदा. चार पेंढ्या तरी नेऊ. बाकीचा झाकून ठिवू.” अक्कानं पाण्याकडं बघितलं. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. “वारं सुटायलंय आई,” ती म्हणाली. “लगी लगी गेलाव तर जमंल. पर जास्ती घालू नगं.” जास्ती घातल्या नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं गावात काहीबाही बोललं गेलं. आम्ही नेहमी न्यायचो त्यापेक्षा कमीच होत्या. मी पुढं बसले, आई मधे तिच्या जागी, पेंढ्या तिच्या दोन्ही बाजूंना आणि अक्का मागं वल्हं घेऊन.

निम्म्याच्या पुढं आलो होतो. आपला घाट दिसत होता, घाटावर कपडे वाळत टाकलेला दगड दिसत होता. त्याच्या बाजूला भोयांची तिघं-चौघं माणसं जाळी आवरत होती. एकदम बाजूनं वारं आलं. वरची पेंढी घसरली. आणि जी आई इतक्या वर्षांत त्या होडीत बोटभर हलली नव्हती, ती पेंढी धरायला म्हणून उठली. तिनं विचार केला नसणार. घरात घसरतं भांडं धरायला बाई जशी हात घालते तसा घातला. होडी कलली, काठावरून पाणी आत आलं, आणि पुढच्या क्षणी मी पाण्यात होते. तोंडात कडब्याचा भुसा आणि कानात घुंई असा आवाज. वर आले तेव्हा होडी सरळ झाली होती, आत निम्मं पाणी, आणि पेंढ्या भोवतीनं तरंगत होत्या. आई एका पेंढीला मिठी मारून होती. तिचे डोळे सताड उघडे होते.

“सुशे, चढ आधी!” अक्का ओरडली. “पुढनं चढ! चढ अन् तितंच बस.” मी पाय मागं घेतले, पालथी झाले, सरकले. आत आले. तोवर अक्कानं आईला पेंढीसकट ओढत होडीच्या मागच्या बाजूला आणलं होतं आणि तिची बोटं एकेक करून पत्र्याच्या काठावर ठेवली होती. “धर. सोडू नगस. मी हाय.” आई धरून होती, पण तिला वर घेता येईना. आईच्या अंगावर नऊवारी लुगडं. पाणी पिऊन ते पोत्यासारखं झालेलं, पायांत गुंतलेलं, आणि ते तिला होडीच्या बुडाखाली ओढत होतं. अक्का खालून ढकलायची, आई वीतभर वर यायची आणि परत खाली जायची. दोनदा झालं, तीनदा झालं. अक्काला धाप लागली.

“आई, लुगडं सोड.”

आई नुसती मान हलवत होती.

“लुगडं सोड आई! पाय मोकळं झाल्याबिगर न्हाय जमायचं.”

“माणसं हायती गं काठावर,” आई म्हणाली.

हे वाक्य मी घरात कुणालाच कधी सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. आज लिहिते, कारण अण्णा नाहीत, आईही नाही, आणि ते वाक्य एकट्या आईचं नव्हतं असं मला म्हातारपणी वाटायला लागलंय. ते तिच्या आईनं, तिच्या सासूनं, साऱ्या गावानं तिच्या तोंडात घातलेलं होतं. नऊवारीच्या आत बाईच्या अंगाला कंबरेखाली दुसरं काही नसतं, हे आताच्या पोरींना सांगावं लागतं. आणि घाटावरची माणसं आरडाओरड करत त्यांची होडी ढकलत होती. ती आमच्याकडंच येणार होती.

“असू दे माणसं!” अक्का किंचाळली. एवढ्या मोठ्यानं ती आईशी कधीच बोलली नव्हती. मग तिनं श्वास भरून घेतला आणि पाण्याखाली गेली. तिनं कासोटा ओढून काढला असणार, निऱ्या उपसल्या असणार. मला फक्त पाण्यावर हिरवं कापड फुगून वर येताना दिसलं. ती वर आली, परत गेली. आई रडत होती, पण तिचे पाय आता हलत होते. अक्कानं तिच्या मांड्यांखाली खांदा घातला आणि सगळा जोर लावून वर रेटलं. आई काठावर पोटावर आली, डोकं आत, आणि मग एकदम धप्पकन आत पडली. होडीतलं पाणी माझ्या अंगावर उडालं. मी हसले. खरंच हसले मी. वाटलं, झालं आता.

“आई, फुडं सरक, सुशेजवळ जा,” अक्का म्हणाली. आई हातापायांवर रांगत माझ्याकडं आली. मागच्या काठावर मला अक्काची लांब बोटं दिसत होती आणि त्यांच्यामागं तिचा चेहरा. तिनं पाय मागं घेऊन बघितलं. छातीपर्यंत वर आली आणि घसरली. परत केलं, या वेळी खांद्यापर्यंतच. मी उठायला लागले तशी ती म्हणाली, “उठू नगस. होडी हलल. तितंच बस.” मग म्हणाली, “पायाला गुतलंय कायतरी.” आणि जरा वेळानं, अगदी साध्या आवाजात, “थांब. दम खाते.” तिनं काठावर ठेवलेल्या हातांवर गाल टेकवला. शेतात काम करून दमल्यावर ती बांधावर टेकायची तसा. आईला काय वाटलं कोण जाणे, ती परत मागं रांगत गेली आणि तिनं अक्काचं मनगट धरलं. त्याच वेळी वाऱ्याची आणखी एक झुळूक आली, होडी गिरकी घेऊन फिरली, आणि ते मनगट आईच्या ओल्या हातातनं निसटलं. अक्का ओरडली नाही. हिरव्या कापडाचं एक टोक पाण्यावर राहिलं, मग तेही गेलं.

मी उडी मारली. दोनदा खाली गेले. गढूळ पाण्यात काहीच दिसत नव्हतं, हाताला काही लागत नव्हतं. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा भोयांची होडी पोचली होती आणि कुणीतरी मला केसांना धरून वर घेतलं. त्यांच्यातले दोघं पाण्यात उतरले. तिसरा, म्हाताऱ्यासारखा दिसणारा माणूस, आमच्या होडीकडं पाठ करून उभा राहिला आणि त्यानं खांद्यावरचा पंचा मागच्या मागं आईकडं टाकला. आईनं तो घेतलाच नाही. ती काठावरून पाण्यात वाकून “शके, शके” करत होती, आणि कोण बघतंय, कोण नाही, याची तिला शुद्ध नव्हती.

अक्का दुसऱ्या दिवशी सापडली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पाहुणेरावळे आले, गेले. दहाव्याला आलेल्या बायकांत एक जण दुसरीला म्हणाली, “लुगड्यापायी लेक गेली म्हणं.” हळूच म्हणाली, पण आई दाराआड भांडी घासत होती. राखेचा हात तसाच थांबला, मग परत फिरायला लागला. अण्णांनी होडी काठावर ओढून पालथी घातली. राहिलेला कडबा भावकीतल्या माणसानं बैलगाडीनं वळसा घालून आणला. आमच्या ओसरीवरून फुगवटा दिसायचा. आई आता भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. अण्णा तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटायचं. दोघं एकमेकांना जेवायला वाढायचे, पाणी द्यायचे, आणि घरात अक्काचं नाव कुणीच काढायचं नाही. मी एकटी विहिरीवर जाऊन पाण्यात तोंड घालून तिचं नाव घ्यायचे. बुडबुडे वर यायचे.

कारखान्याचा हंगाम संपला. आंबे उतरायला आले होते. एके दिवशी मी कपडे धुवायला विहिरीवर निघाले, तर आई माझ्या मागून चालत आली. थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडायच्या जुन्या कुंडापाशी, उभी राहून विहिरीत बघत म्हणाली, “सुशे, मला पवायला शिकीव.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुला?”

“व्हय.”

“कशापायी?”

“पलीकडं रान हाय आपलं. पेरणीला जावं लागंल की.” एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली. लुगडं नेसलेलंच. मी घाबरून तिचा दंड धरला. तिलाही कळलं. ती तिथंच पायरीवर बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. त्या दिवशी आम्ही तशाच परत आलो. हे अण्णांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या अंथरुणाच्या वळकटीवर अण्णांची कारखान्याची जुनी खाकी पँट आणि सदरा घडी घालून ठेवलेला होता. पँटच्या कंबरेत नाडी ओवलेली. अण्णा ओसरीवर पाठमोरे बसून विडी ओढत होते. आईनं ते कपडे उचलले, छातीशी धरले आणि म्हणाली, “चल गं.”

चाळिशीची बाई, नवऱ्याच्या पँटसदऱ्यात, पाठीला डबा बांधून, विहिरीत. गावभर झालं. पोरं काठावर येऊन बसायला लागली, बाया धुणं घेऊन उगाच आमच्या विहिरीकडून जायला लागल्या. मी आईला म्हणाले, “समदे बघायलेत.” ती पायरीला धरून पाय झाडत होती, नाकातोंडात पाणी जात होतं. “बघू दे,” म्हणाली. तिला भीती वाटायचीच. पहिल्या दिवशी तर पाण्यात उतरल्यावर तिचे दात वाजत होते, उन्हाळ्यात. ती पायरी सोडायची नाही. मग एक हात सोडायची. मग मी तिच्या पोटाखाली हात धरायचे, लहान लेकराला धरावं तसं, आणि ती मान ताठ करून, डोळे उघडे ठेवून, विहिरीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायची. डोळे मिटायची नाही ती आता. मृग लागायच्या आधी तिच्या पाठीवरचा डबा सुटला.

मग ती म्हणाली, “आता होडी.”

अण्णांनी होडी सरळ केली. बुडाशी साचलेली माती, कोळ्यांची जाळी झाडली. आम्ही तिघं फुगवट्यात गेलो. फार आत नाही. पण आईनं बोट दाखवलं तिथवर जावं लागलं, आणि तिनं कुठं बोट दाखवलं हे सांगायला नको. अण्णा पुढं वजनाला बसले, मी पाण्यात उतरले, आणि आई मागच्या काठावरून हळूच पाण्यात आली. मी अक्काचे शब्द जसेच्या तसे सांगायला लागले. पाय मागं. पालथी नीज. वर चढू नको, आत सरक. ते माझ्या तोंडातनं निघताना माझा आवाज मलाच अक्कासारखा वाटला. अण्णांनी मान वळवली ती परत इकडं केली नाही.

तिला जमेना. त्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही, कितीतरी दिवस नाही. पाय वर यायचे पण हातात जोर नसायचा. जोर यायचा तेव्हा पाय खाली जायचे. ती दमली की मी म्हणायचे, “मी ढकलते खालनं.” ती एकदम ओरडायची, “हात लावू नगस मला! हात न्हाय लावायचा.” मग काठावरच्या हातांवर गाल टेकवून दम खायची. त्या वेळी मला तिच्याकडं बघवायचं नाही. मी पाण्यात तिच्या अगदी जवळ, पण हात न लावता, तरंगत राहायचे.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी काही वेगळं नव्हतं. ढगाळ होतं, पाणी संथ होतं. तिनं पाय मागं घेतले, झाडले, आणि पोट काठावरून सरळ आत गेलं. इतक्या सहज, की अण्णांना कळलंही नाही. होडी हलली म्हणून ते वळले. आई बुडाला पालथी पडली होती. मी मागून काठ धरून वर डोकावले. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं पत्र्यावर कपाळ टेकवलेलं होतं.

“एवढंच व्हतं?” ती म्हणाली. “सुशे, एवढंच व्हतं व्हय गं?”

“एवढंच व्हतं,” ती परत म्हणाली, आणि मग तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की फुगवट्यावरची बगळ्यांची रांग उठली. इतक्या महिन्यांत ती तशी रडली नव्हती. अण्णा वल्हं टाकून तिच्याजवळ गेले. त्यांनी तिच्या ओल्या पाठीवर हात ठेवला, स्वतःच्याच खाकी सदऱ्यावर, आणि म्हणाले, “शकीनं तुला वर काढलं. तिनं काढलं तुला. आता तिला नावं ठिवू नगस, अन् तुलाबी ठिवू नगस.” ती गेल्यापासून आमच्यात अक्काचं नाव निघालं ते तेव्हा पहिल्यांदा. होडी वाऱ्यानं जाईल तिकडं जात होती. मी काठ धरून तिच्याबरोबर ओढली जात होते.

बऱ्याच वेळानं आई उठून बसली, सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “सरका. आणखी एकदा उतरते.” अण्णा म्हणाले, “बास की आता.” ती म्हणाली, “न्हाय.” आणि उतरली. परत आली. परत उतरली. अंधारून येईपर्यंत तिचं तेच चाललं होतं, आणि आम्ही दोघांनी तिला अडवलं नाही.

घरी आल्यावर चुलीच्या उजेडात बघितलं तर पत्र्याच्या काठानं तिचं पोट आणि काखा सोलून निघाल्या होत्या. मी खोबरेल तेलात हळद कालवून लावायला बसले. तिनं हात वर धरले होते आणि चुलीकडं बघत होती.

“शकीचं बी असंच व्हायचं,” ती म्हणाली. “पोलकं धुताना रगात दिसायचं मला. म्या इचारलं तर म्हणायची, बाभळीचा काटा लागला. म्या म्हणायची, पोटाला कसा गं काटा लागतोय तुज्या.” तिनं दुसरी काख माझ्याकडं केली. “लई जळजळायचं आसंल तिला. कधी बोलली न्हाय.”

मी तेल लावत राहिले. माझं लावून झाल्यावर तिनं सदरा खाली ओढला, काठवट पुढं घेतली आणि पिठात पाणी घातलं.